बॅबिलॉन ५, पहिला सीझन, भाग १० ‘बिलीव्हर्स’ : डॉक्टरचं चुकलं का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. शेवट सांगितल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाहीये, त्यामुळे ज्यांना हा भाग पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबा.

महिनाभरापासून मी आणि माझी नववीतली लेक रोज रात्री जेवणं आवरली की ‘बॅबिलॉन ५’चा एक भाग बघतो. मेहुण्याने अमेरिकेहून पहिल्या सीझनच्या डीव्हीडी आणल्या होत्या, त्या दहा-बारा वर्षं कपाटात तशाच पडून होत्या. मालिका १९९४ची. गोष्ट घडते २२५८ साली, पाच मैल लांबीच्या एका अंतराळस्थानकावर, जिथे माणसं आणि परग्रहवासी मिळून अडीच लाखांची वस्ती आहे. सुरुवातीचे भाग जरा अडखळत गेले. सेट उघडे पडतात, काही जण पाठ केल्यासारखं बोलतात. पण लोंडो आणि जी’कार या दोन परग्रही राजदूतांची जुंपली की लेक खुर्चीत पुढे सरकून बसते, म्हणून चिकाटीने बघत होतो.

काल दहावा भाग लावला. शॉन नावाचा परग्रहवासी मुलगा, श्वास नीट चालत नाही म्हणून आईबाप त्याला स्थानकाच्या दवाखान्यात आणतात. डॉक्टर फ्रँकलिन म्हणतो, साधी शस्त्रक्रिया आहे, पोरगं ठणठणीत होईल. आईबाप म्हणतात, अंगाला सुरी लागली की त्या चिरेतून आत्मा निघून जातो, मागे उरतं ते नुसतं टरफल. सेनापती सिंक्लेअर आईबापांच्या बाजूने निर्णय देतो. तरी फ्रँकलिन लपूनछपून शस्त्रक्रिया करतो. मुलगा बरा होतो. आईबाप त्याला बघून मागे सरकतात. मग थोड्या वेळाने परत येतात, शांत असतात, त्याला एक सुंदर झगा घालतात आणि विश्रांतीला घेऊन जातात. फ्रँकलिनला त्या झग्याचा अर्थ कळतो तोवर उशीर झालेला असतो.

लेक बराच वेळ गप्प होती. मी म्हणालो, डॉक्टरने त्याचं काम केलं, गुन्हा आईबापांचा. तर ती म्हणाली, “ऑपरेशन केलं नसतं तर तो आईच्या मांडीवर तरी गेला असता. आता ज्यांनी त्याला मारलं त्यांना तो त्यांचा वाटतच नव्हता.” आणि डीव्हीडी काढून डब्यात ठेवली. पुढचं बघणार नाही म्हणते.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. तिच्याशी यावर काय बोलू? आणि पुढे बघण्यासारखं आहे का, की पहिला सीझन सोडून दुसऱ्यावर जावं? बरेच जण तसंच सांगतात.

धूमकेतू_ठाणे

पहिला सीझन सोडू नका. ही मालिका आधी पाच वर्षांची गोष्ट ठरवून मग लिहिली आहे. आज क्षुल्लक वाटलेलं वाक्य तिसऱ्या सीझनमध्ये अंगावर येतं. एकूण ११० भागांपैकी ९२ मालिकेचा निर्माता स्ट्रॅझिन्स्कीने एकट्याने लिहिले. ‘बिलीव्हर्स’ मात्र त्याचा नाही, डेव्हिड जेरॉल्डचा आहे, त्यामुळे मुख्य कथानकाशी त्याचा धागा फारसा नाही.

मला या भागातलं आयव्हानोव्हाचं, म्हणजे सिंक्लेअरच्या हाताखालच्या अधिकारी बाईचं, उपकथानक भरीचं वाटतं. ‘असिमोव्ह’ नावाच्या जहाजाला सोबत करायची, वाटेत लुटारू, गोळीबार. पण तेवढ्यातही स्टारफ्युरी विमानांची चाल बघा. पुढे जात असतानाच गर्रकन मागे वळतात, तोंड मागे आणि गती मात्र पुढचीच. हवा नसलेल्या जागी असंच व्हायला हवं. स्थानक स्वतःभोवती फिरतं म्हणून आत वजन आहे, आणि विमानं सोडताना त्याच फिरण्याचा झोका वापरून ती बाहेर सोडून देतात. सुरुवातीची ही दृश्यं अमिगा संगणकांवर केलेली आहेत. त्या काळी दूरचित्रवाणीवर एवढा न्यूटन कुणी पाळत नव्हतं.

डॉक्टरबद्दल म्हणाल तर माझ्या मनात शंका नाही. मुलगा मरत होता, त्याने वाचवला. खून आईबापांनी केला. लेकीला हेच स्पष्ट सांगा.

भूल_मिरज

सांजवारा, तुमच्या लेकीचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसले. हा भाग तीस वर्षं माझ्याबरोबर आहे, म्हणून उत्तर लांबेल.

मी भूलतज्ज्ञ. आता निवृत्त. हा भाग मी १९९४मध्येच पाहिला, इंग्लंडमध्ये, तिथे पुढचं शिकायला गेले होते तेव्हा. चॅनल फोरवर मालिका लागायची. तिथल्या रुग्णालयांत ‘डॉक्टर्स मेस’ म्हणून एक खोली असते. खचलेले सोफे, टोस्टरखाली पावाचा चुरा, कोपऱ्यात टीव्ही. त्या संध्याकाळी आम्ही चौघं होतो. भाग संपला तरी कुणी रिमोट उचलला नाही. आमच्यातला एक शल्यविशारद होऊ घातलेला मुलगा, त्याचा बीपर वाजला म्हणून उठला, आणि दारात थांबून म्हणाला, “मीसुद्धा केलंच असतं.” तेव्हा मीही त्याच्याच बाजूची होते. आज अर्धीच आहे. कुठला अर्धा सुटला, ते सांगते.

आधी त्या अंड्याबद्दल. फ्रँकलिन शॉनला एक चमकणारा गोळा देतो आणि सांगतो की हे अंडं आहे, तू याची काळजी घ्यायचीस. प्रत्यक्षात तो कारखान्यातला कसलासा लगदा असतो. पोर ते छातीशी धरून बसतं. हे दृश्य ज्याने लिहिलं त्याला रुग्णालय माहीत आहे. आम्ही हेच करायचो. हातमोज्यात फुंकर मारून फुगा करायचा, पाच बोटांचा कोंबडा, त्यावर पेनाने डोळे काढायचे आणि पोराच्या हातात द्यायचा. मास्क जवळ नेताना सांगायचं, बघ, कसला गोड वास येतोय. हॅलोथेन या भुलीच्या औषधाला खरंच गोडसर वास असायचा, पण पोर त्यासाठी श्वास घ्यायचं नाही, ते कोंबड्याकडे बघत घ्यायचं. मुलाच्या विश्वासाला हात घालून आम्ही त्याला झोपवत होतो. फ्रँकलिनही तेच करतो. विश्वास किती खोल जातो आणि त्याने काय साधता येतं हे त्याला नेमकं माहीत आहे. मुलाच्या अंड्याचा तो मान राखतो, पण त्याच मुलाच्या आईबापांचा आत्मा त्याला अडाणीपणा वाटतो. भाग पुन्हा पाहिलात तर ही गोष्ट पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच दिसेल.

तुम्ही पाचवा भाग पाहिला असेल, ‘द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स’. सगळ्या जमाती आपापला धर्म दाखवतात, आणि शेवटी सिंक्लेअर पृथ्वीची माणसं एका रांगेत उभी करतो. पहिला नास्तिक, मग कॅथलिक, मग पुढे रांग संपतच नाही. राजदूत एकेकाशी हात मिळवत जातात. ते बघून मन भरून येतं. दहावा भाग त्या रांगेला विचारतो, की हात मिळवलास, ठीक, आता याच्या श्रद्धेपायी एक मूल मरणार आहे, अजून हात धरून ठेवशील का? पाच भागांच्या अंतराने हे दोन्ही दाखवायची हिंमत केली म्हणून मला पहिला सीझन प्रिय आहे. आणि आईबाप मदतीसाठी राजदूतांची दारं ठोठावतात तेव्हा काय होतं? जी’कारला त्यात नार्नांचा, म्हणजे आपल्या जमातीचा, फायदा दिसत नाही. लोंडो खर्चाचा हिशेब काढतो. डेलेन, जिच्याकडून आपली सगळ्यात जास्त अपेक्षा असते, ती म्हणते की दुसऱ्याच्या श्रद्धेत आम्ही पडत नाही. कॉशचं उत्तर तर मी विसरूच शकत नाही. दरड सुटली आहे, आता खड्यांनी मत देऊन काय होणार, अशा अर्थाचं. त्या आईबापांचे चेहरे तेव्हा बघा. एवढ्या मोठ्या स्थानकावर त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेणारा फक्त सिंक्लेअर.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडमध्ये मी पहिल्यांदा यहोवाज विटनेस पंथाच्या रुग्णांना भूल दिली. ते रक्त घेत नाहीत. माझी तयारी अशी की, नाही म्हणाले ना, मग फॉर्मवर ‘रक्त नको’ लिहायचं आणि सही घ्यायची. आमच्या वरिष्ठ डॉक्टरीणबाईंनी तो फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, आत जा, घरच्यांना बाहेर बसव, खुर्ची ओढून बस आणि विचार, नेमकं काय नको? तांबड्या पेशी नकोत, पण अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, चालेल का? शस्त्रक्रियेत सांडलेलं तुमचंच रक्त यंत्रातून धुऊन परत दिलं तर? ते यंत्र तुमच्या शरीराला सतत जोडलेलं ठेवलं तर? मी गेले. पाऊण तास लागला. त्या बाईंनी तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं आणि चौथ्याला ‘हो’. माझ्या दृष्टीने दोन्हींत एका नळीचा फरक होता. त्यांच्या दृष्टीने सगळाच फरक होता. तो ‘हो’ त्या एका फॉर्ममागे होता आणि मी विचारलं नसतं तर तिथेच राहिला असता.

फ्रँकलिन हा प्रश्न विचारत नाही. तो समजावतो, विनवतो, चिडतो, वरिष्ठांकडे जातो. पण खुर्ची ओढून बसून, “समजा शस्त्रक्रिया झालीच, तर तुमच्यासाठी हा कोण असेल? तुम्ही याचं काय कराल?” हे एकदाही विचारत नाही. आणि या भागाची रचना किती निर्दय आहे बघा: उत्तर स्थानकाच्या संगणकात होतं. प्रवासाच्या झग्याचा अर्थ तिथे लिहिलेला होता, तो झगा आत्म्याच्या प्रवासाचा असतो. तो अर्थ फ्रँकलिनला मिळतो, पण मुलाला त्यांच्या हाती सोपवून झाल्यावर. आधी वाचला असता तर शस्त्रक्रिया केलीही असती कदाचित, पण पोर त्यांच्या ताब्यात दिलं नसतं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच ताब्यात देणं. शस्त्रक्रियेनंतर आईबाप मुलापासून मागे सरकतात आणि फ्रँकलिन उन्मळून पडतो. मग ते परत येतात, मऊ आवाजात बोलतात. तो झगा पाहून कुठल्याही माणसाच्या मनात यावं की एवढा जपून ठेवलेला कपडा आत्ताच का? पण त्याला क्षमा हवी आहे. आपण बरोबर होतो आणि आता यांनाही ते पटलं, हे त्याला इतकं हवंय की दिसतंय ते तो पाहत नाही. फ्रँकलिनचं काम करणाऱ्या रिचर्ड बिग्सने तिथे चेहऱ्यावर जी सुटका आणली आहे, ती मी खऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. माझ्याही चेहऱ्यावर आली असेल.

एक प्रसंग सांगते. १९८८ साल. मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. चौदा महिन्यांचं बाळ, डोक्यात पाणी झालेलं, शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, टाकायची होती. बरोबर आई आणि आजी. शस्त्रक्रियेला दोघींचीही ना नव्हती. सकाळी बाळ आत घेतलं, मी भूल दिली, आणि नेहमीप्रमाणे डोकं भादरलं. बाळाचे केस लांब होते, मऊ, टोकाला वळलेले. ते बादलीत गेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. बाळ बाहेर दिलं तर आजीने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. जावळ होतं ते. जोतिबाच्या डोंगरावर काढायचं बोललेलं होतं. बाळ आजारी आहे असं कळलं त्या दिवशी तिनेच नवस केला होता, की बरं कर, याचं जावळ तुझ्या पायाशी काढीन. आणि आम्ही ते न विचारता काढून टाकलं. तिच्या हिशेबी बाळ बरं व्हायची किंमतच आम्ही बादलीत टाकली होती. आमचे सर्जन थकलेले होते, म्हणाले, “आजी, केस परत येतील.” ते खरं होतं, आणि आजीसाठी त्याचा काही उपयोग नव्हता. दोन दिवस ती बाळाला शिवली नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसून राहायची.

तिथल्या वॉर्डातल्या मावशींनी काय केलं, तर शस्त्रक्रियागृहाची बादली अजून गेली नव्हती, त्यात हात घालून रक्ताचे बोळे बाजूला सारत ते जावळ वेचून काढलं. नळाखाली धुतलं, गॉजच्या तुकड्यात गुंडाळलं, वर दोरा बांधला आणि आजीच्या ओटीत नेऊन ठेवलं. मी तिथे सलाईन बदलत होते. आजीने पुरचुंडी कपाळाला लावली, मग उठून बाळाच्या गालाला हात लावला.

मावशींना शरीरशास्त्र येत नव्हतं. बादलीत काय गेलंय हे मात्र त्यांना समजलं होतं. आणि मी, जिने बाळाचा प्रत्येक श्वास मोजला होता, मला ते केस दिसलेच नव्हते.

म्हणून लेकीला तुम्ही असं विचारा, की तू फ्रँकलिनच्या जागी असतीस तर पहिल्या दिवशी त्या आईला कोणता प्रश्न विचारला असतास? बाजू घ्यायला लावू नका. तिने बाजू घेतलेली नाहीच, तिने मुलाकडे पाहिलंय. नववीतल्या मुलीने हे पाहिलं याचं मला फार वाटलं.

वऱ्हाडी_वकील

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी एक तक्रार नोंदवतो. विचारलं असतं आणि आईबापांनी शांतपणे सांगितलं असतं की ‘होय, टरफल आम्ही नष्ट करू’, तर पुढे काय? ऐकून घेण्याने दर वेळी वाट निघत नाही. कधी कधी फक्त एवढंच कळतं की वाट नाही.

माझ्या मते या भागात जी व्यक्ती गैरहजर आहे ती न्यायाधीश. आपल्याकडचंच बघा. बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाच्या संमतीने सद्हेतूने केलेल्या कृतीला दंड संहितेच्या कलम ८९ने संरक्षण होतं. संमतीशिवाय केलेल्या कृतीला कलम ९२ने. १ जुलै २०२४पासून न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, आशय तोच राहिला. पण ९२ नीट वाचलं तर ते अशा प्रसंगासाठी आहे जिथे संमती वेळेत मिळवायला पालकच उपलब्ध नाही. पालक समोर उभा राहून ‘नाही’ म्हणतोय तिथे ते कलम डॉक्टरला तारत नाही. तिथे मुलाचं पालकत्व तात्पुरतं स्वतःकडे घेणारं न्यायालय लागतं. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी रुग्णालयं उच्च न्यायालयात जातात, हे तुम्ही तिथे पाहिलंच असेल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४४चा ‘प्रिन्स विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ निकाल आहे. प्रकरण रक्ताचं नव्हतं, यहोवाज विटनेस पंथाच्या एका बाईने आपल्या ताब्यातल्या लहान मुलीकडून रस्त्यावर धार्मिक मासिकं वाटून घेतली, त्याचं होतं. पण त्यात न्यायालय म्हणालं की आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायची मोकळीक असेल, मूल मोठं होऊन स्वतःचं ठरवण्याआधी त्याला हुतात्मा करायची नाही. पुढे मुलांच्या रक्ताच्या प्रकरणांत याच निकालाचा आधार घेतला गेला. सिंक्लेअर प्रामाणिक आहे, पण तो सेनापती आहे. त्याला परग्रहाच्या राजकारणाचंही बघायचं आहे. तो या मुलाचा न्यायाधीश होऊच शकत नाही. गंमत अशी की याच सीझनच्या पंधराव्या भागात, ‘ग्रेल’मध्ये, स्थानकावर ‘ओंबड्स’ नावाने न्यायाधीश बसलेला दिसतो. तो दहाव्या भागात असता तर शॉन दवाखान्याच्या ताब्यात राहिला असता, आईबाप त्याला नेऊ शकले नसते, आणि जिवंत राहिला असता.

भूल_मिरज

वकीलसाहेब, तुमचं बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. इंग्लंडमध्ये मुलाच्या बाबतीत आम्ही एवढा वेळ बोलत बसू शकत असू, त्याचं कारण मागे न्यायालय होतं. रात्री दोनलासुद्धा न्यायाधीशांना फोन लागायचा. तो आधार असला की डॉक्टरला देव व्हावं लागत नाही. या भागात फ्रँकलिन सिंक्लेअरला म्हणतोच, की दारातून येणारा प्रत्येक रुग्ण आम्हाला देव व्हायला सांगतो. मला ते वाक्य खरं वाटतं आणि म्हणूनच भीती वाटते. त्याच्या वर कुणी असायला हवं होतं.

पण त्यांनी ‘टरफल नष्ट करू’ म्हटलं असतं तर पुढे काय, हे विचारलंत. मग निदान ते माहीत असताना निर्णय झाला असता. तुमच्या न्यायाधीशालाही निकाल देण्याआधी हेच कुणीतरी सांगावं लागलं असतं ना, की हे आईबाप शस्त्रक्रियेनंतर मुलाला आपलं मानणार नाहीत, त्याची पुढची सोय करा? ते कुणी विचारून ठेवलं असतं तरच. वाचवलेलं मूल जगायला कुणाच्या तरी घरी जावं लागतं. सांजवारांच्या लेकीने बोट ठेवलंय ते नेमकं तिथे.

धूमकेतू_ठाणे

मी वर ‘शंका नाही’ असं लिहिलं होतं. काल रात्री भाग पुन्हा पाहिला, झगा घालतात तिथपासून. आधी पाहिलं तेव्हा माझं लक्ष आईबापांकडे होतं. या वेळी फ्रँकलिनकडे पाहिलं. डॉक्टर म्हणतात ते खरं आहे, तो हसतोय. आणि शेवटी खोलीत मेणबत्त्या लावलेल्या, आईबाप समाधानाने उभे. राग यायच्या ऐवजी काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. गुन्हा त्यांचाच, या मतावर मी आहे. पण लेकीला ‘हेच स्पष्ट सांगा’ असं मी म्हणालो, ते मागे घेतो.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीला भूल_मिरज यांचा प्रतिसाद वाचायला दिला. तिने मोज्याच्या कोंबड्यापासून पुरचुंडीपर्यंत एका दमात वाचला, मग वकीलसाहेबांचा. तुमचा प्रश्न विचारला तर म्हणाली, “मी त्या आईला विचारलं असतं, आत्मा गेला तर परत बोलवायची काही पद्धत आहे का तुमच्यात?” मला हा प्रश्न सुचला नसता. असेल किंवा नसेल, पण कुणी विचारलाच नव्हता.

आज रात्री अकरावा भाग लावतोय, तिनेच डबा काढून ठेवलाय. तिचा एक प्रश्न तुमच्यासाठी आहे, डॉक्टर. त्या आजींचं आणि बाळाचं पुढे काय झालं?

भूल_मिरज

तिला सांगा, महिन्याभराने दोघी बाळाला तपासणीसाठी घेऊन आल्या. डोक्याचा घेर मोजला, शंट व्यवस्थित चालू होती. बाळाच्या डोक्यावर काळी लव आली होती आणि ते आजीच्या नथीकडे हात नेत होतं. त्याआधीच्या रविवारी आजी ती पुरचुंडी घेऊन एकटी डोंगर चढून आली होती. पुजाऱ्याला सगळं खरं सांगितलं, तो म्हणाला, चालेल, पायाशी ठेव.

पदराच्या गाठीला गुलाल आणि खोबरं बांधून आणलं होतं. सर्जन समोर बसले होते, मी शेजारी उभी होते. आजीने दोघांकडे पाहून मान हलवली, गाठ तशीच धरली, आणि विचारलं, “त्या मावशी कुठल्या पाळीला हाईत?”